कल्पित चरित्र आणि कूटलेख
(सुवर्णमहोत्सवानिमित्त पानशेत येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



आज आपण ज्या जलाशयाच्या काठी जमलो आहोत, त्याच्याशी माझी एक चूक निगडित आहे. पत्रिका, पाट्या व बोधचिन्हे रेखाटण्याचा माझा छोटा व्यवसाय. आरंभीच्या काळात ग्राहकांचे लक्ष वेधावे म्हणून मी माहितीपत्रकावर स्वतःचे चरित्र छापले : ‘१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. पाळण्यात बसून मी पुण्यात आलो. लकडी पुलावर एका मासळीने मला बाराखडी शिकवली. गाळात बोटाने मी पहिले बोधचिन्ह काढले. ते पाहून नदी पात्रात परतली.’ लोक हसत, कामेही मिळत. वस्तुतः माझा जन्म त्या पुरानंतर कित्येक वर्षांनी झाला.

एके दिवशी एक वृद्ध भगिनी नातीची लग्नपत्रिका करण्यासाठी आल्या. पत्रकाच्या पहिल्या दोन ओळी वाचूनच त्यांचे डोळे भरून आले. “आमचं घर नारायण पेठेत होतं. माणसं वाचली, पण घराचा एक फोटोसुद्धा उरला नाही. तुम्हीही पुरातलेच, म्हणून विचारते. चित्र काढून द्याल?”

मी खरे ते सांगितले. क्षणभर त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “चित्र तरी खरं काढा.”

त्यांनी सांगितलेल्या जिन्यावरून, कोनाड्यांवरून मी ते घर रेखाटले. पत्रके त्याच संध्याकाळी रद्दीत गेली.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत कूटलेखक्रिया सांगितली आहे. हा दोष केवळ खोट्या वहीखात्यांचा, असे मला वाटे. विनोदाला धर्माची मनाई नाही. मासळीची शाळा कोणालाही खोटीच कळते. परंतु माझे पहिले वाक्य खरे होते. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून धरण काही तास टिकवले होते. पुढे खडकवासल्याचे धरणही फुटले आणि हजारो कुटुंबे बेघर झाली. त्यांच्या दुःखाच्या आधाराने मी माझा माल विकला.

आज संस्थेच्या ५० वर्षांचा इतिहास छापला जात आहे. देणगी लहान असेल तर लहानच लिहावी; नाव आठवत नसेल तर तसेच नमूद करावे. आणखी ५० वर्षांनी वाचणाऱ्यास त्यातील पूर कोणता आणि मासळी कोणती, हे सांगायला आपण नसू.

त्या भगिनी आज हयात नाहीत. त्यांना आणि आपणा सर्वांना मिच्छामि दुक्कडम्.