बाग नकाशावर असतानाच बोला
(मंडळाच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



हिरवळीचा विषय निघाला की आपण बडोदेकर कमाटीबागेकडे बोट दाखवतो आणि निश्चिंत होतो. विश्वामित्रीच्या काठी १८७९ साली ही बाग झाली. सयाजीराव महाराज तेव्हा सोळा वर्षांचे होते. कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते, आणि तेही तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. शंभर एकरांहून मोठी बाग प्रजेला न मागता मिळाली. अर्ज नाही, हरकत नाही. पण त्यातून आपल्याला एक सवय जडली. बाग ही वरून मिळायची वस्तू आहे, असे आपण धरून चाललो.

आता वरून देणारे कोणी नाही. आज बाग होते ती कायद्याने आखलेल्या नकाशावर. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्यानुसार शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, की कोणाही नागरिकाला दोन महिन्यांत लेखी हरकती व सूचना देता येतात. एखाद्या भागाची टीपी स्कीम प्रसिद्ध झाली, तर ज्यांच्यावर तिचा परिणाम होतो त्यांना एक महिना मिळतो. स्कीममधील जमिनीपैकी बागा, क्रीडांगणे व मोकळ्या जागांसाठी पाच टक्क्यांची तरतूद आहे आणि विक्रीसाठी पंधरा टक्क्यांची. शिवाय विकासाचे स्वरूप पाहून ही टक्केवारी बदलण्याची मुभा कायद्यातच आहे. तेव्हा ते पाच टक्के कुठे पडले, सलग आहेत की तुकड्यातुकड्यांत, रस्त्याला लागून आहेत की कोपऱ्यात दडलेले, हे त्या महिन्यात कोणी पाहिले नाही, तर पुढे ओरडून काय उपयोग? झाडावर कुऱ्हाड पडते तेव्हा आपण धावतो. पण निर्णय त्याच्या कितीतरी आधी कागदावर झालेला असतो.

मंडळी, हा प्रश्न केवळ सकाळच्या फेरफटक्याचा नाही. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली आणि घराघरांत पाणी शिरले, हे आपण भोगले आहे. नदीची कोतरे, काठचे गवताळ पट्टे, जुनी तळी ही पुराचे पाणी सामावून घेणारी जागा. नकाशावर ती 'पडीक' दिसते, म्हणून तिथे भराव पडतो. याच नदीसाठी शहरातील काही नागरिक राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेले. २५ मे २०२१ च्या निकालात न्यायाधिकरणाने नदीची हद्द आखावी, अतिक्रमणे रोखावीत, पूरक्षेत्र राखावे, असे निर्देश दिले. पाच-पंचवीस माणसे चिकाटीने कागद हाती घेतात तेव्हा काय होते, याचे हे घरचे उदाहरण. पण निकालाचा अंमल होतो का, हे पाहायला पाच-पंचवीस पुरत नाहीत. तिथे वस्तीच लागते.

लोकांना सामील करून घेणे ही काही आजची परदेशी कल्पना नव्हे. स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ व नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१६ मध्ये आपल्या बडोद्याचा आणि १९१८ मध्ये होळकरांच्या इंदूरचा अहवाल लिहिला. आधी शहर पायी हिंडून पाहा, मगच उपाय सांगा, ही त्यांची रीत. प्लेगाने गांजलेल्या इंदुरात त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीची योजना केली. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार? जिथले लोक आपली घरे आणि रस्ता सर्वांत स्वच्छ करतील, त्या. साऱ्या शहराने झाडू हाती घेतला. फर्मान काढून जे झाले नसते, ते लोकांना भागीदार केल्याने झाले.

मात्र भागीदार म्हणजे कोण? इथे आपण जरा मन मोठे करावे. आपल्यापैकी पुष्कळजण निवृत्त आहेत. आपल्याला बाक हवेत, पायवाट हवी, शांतता हवी. पण त्याच जागेत चाळीतल्या मुलांना क्रिकेट खेळायचे असते. संध्याकाळी येणाऱ्या बायकांना दिवे आणि स्वच्छतागृह हवे असते. दाराशी भेळेची गाडी लावणाऱ्याचे पोट त्या बागेवर असते. माळ्याला ठाऊक असते की पाणी कुठे साचते आणि कोणते झाड जगते. यांना न विचारता केलेली बाग वर्षभरात कुलूपबंद होते किंवा उकिरडा होते. आणि विश्वामित्रीत शेकडो मगरी आहेत. काठाच्या मातीत त्या अंडी घालतात. त्यांना हरकत नोंदवता येत नाही, म्हणून ती आपण नोंदवायची.

घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९३ पासून बागा, क्रीडांगणे व नागरी वनीकरण हे विषय नगरपालिकांच्या यादीत घातले आणि तीन लाखांवरील शहरांत वॉर्ड समित्या सांगितल्या. परंतु त्या समित्यांची रचना राज्यांवर सोडली. म्हणून समिती आपल्याला बोलावील याची वाट पाहू नये.

मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, वाडी, रावपुरा, दांडिया बाजार अशा प्रत्येक भागातून दोघांनी आपल्या वॉर्डातील मोकळ्या जागांची, तळ्यांची, जुन्या झाडांची यादी करावी. दुसरी, महानगरपालिका व विकास प्राधिकरणाच्या जाहीर सूचनांवर लक्ष ठेवण्याचे काम एकाकडे सोपवावे आणि मुदतीचा दिवस मंडळाच्या फलकावर लावावा. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, हरकत मंडळाच्या नावाने एकट्याने देऊ नये. शेजारच्या गुजराती, मुसलमान, सिंधी कुटुंबांच्या, फेरीवाल्यांच्या सह्या तीवर असाव्यात. बाग एका समाजाची मागणी झाली की ती मोडीत काढणे सोपे जाते.

दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्या नातवंडांचा विचार केला, म्हणून आज कमाटीबागेत सावली आहे. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला यंदा एकच विचारा: आमच्या वॉर्डातले पाच टक्के कुठे आहेत, दाखवा. उत्तर येईपर्यंत त्याला चहा पाजा, पण उठू देऊ नका.