कव्हरवरची हजेरी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, थोडं आटोपशीर करून)



संयोजकांनी मला बजावलंय, "तू तीस वर्षं मुंबईच्या स्टुडिओंत रेकॉर्डिंग केलंस, तेव्हा गाण्यांबद्दल बोल. पण लताबाईंच्या आठवणी नकोत, त्या सगळेच सांगतात." म्हणून मी आज अशा एका अल्बमबद्दल बोलणार आहे, जो तुमच्यापैकी कोणीच ऐकलेला नाही. तो अजून बाहेरच आलेला नाही.

नवीन पनवेल, कामोठे आणि खांदा कॉलनी इथल्या पाच मुलामुलींनी तो केलाय. पाचही जण नोकरी करतात आणि पगारातले पैसे बाजूला काढून गाणी करतात. पाठीशी कंपनी नाही, निर्माता नाही. ड्रम्ससाठी एक दिवस मुंबईत स्टुडिओ भाड्यानं घेतला. बाकीचं काम माझ्या घराच्या मागच्या खोलीत, भिंतींना गाद्या लावून, शनिवार-रविवारी झालं. आठ गाणी आहेत. "कुठल्या प्रकारची?" असं विचारलं तर म्हणतात, "काका, जॅझ, सोल, फंक आणि पॉप, सगळं मिळून."

आपल्या वयाच्या माणसाला ही चार नावं ऐकून जरा धास्ती वाटते. पण घाबरायचं कारण नाही. जॅझमध्ये ठरलेला मुखडा सगळे मिळून वाजवतात. मग एकेक जण त्या क्षणी सुचेल ते वाजवतो आणि शेवटी सगळे मुखड्यावर परत येतात. बैठकीत गवई उपज घेतो तसंच. तिथं रागाच्या जागी कॉर्ड्सची चौकट असते, एवढाच फरक. सोल हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून बाहेर आलेलं गाणं. आपल्या भजनात बुवा एक ओळ जीव ओतून खेचतात आणि मागचे ती झेलतात, ते आठवा. फंकमध्ये सगळा भार पहिल्या मात्रेवर. जेम्स ब्राउन नावाच्या गायकानं १९६० च्या दशकात आपल्या वादकांकडून ही पहिली मात्रा घोटून घेतली. शाळेच्या मैदानावर लेझीम करताना 'एक'ला पाऊल चुकलं की सरांची शिट्टी वाजायची ना? तीच ती मात्रा. आणि पॉप म्हणजे रिक्षातून उतरल्यावरही तोंडातून न जाणारा मुखडा.

आमच्यातलाच एक मित्र परवा म्हणाला, "हे सगळं परकं आहे रे. आपलं काय त्यात?" त्याला मी एकच विचारलं, "विसर्जनाच्या मिरवणुकीत भगवानदादांची स्टेप केलीस की नाही कधी?"

१९५१ चा 'अलबेला'. दिग्दर्शक आणि नायक भगवानदादा, म्हणजे भगवान पालव. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. दोघेही आपली मराठी माणसं. आणि त्या सिनेमाच्या गाण्यांत जे ट्रम्पेट नाचतं, त्यामागे होता चिक चॉकलेट. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे. मुंबईच्या हॉटेलांत त्याचा जॅझ बँड गाजत होता आणि लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. 'अलबेला'तल्या एका गाण्यात तो आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. म्हणजे आपण पन्नास वर्षं मिरवणुकीत नाचलो ते अर्धं जॅझवरच. फक्त कोणी आपल्याला तसं सांगितलं नव्हतं.

आता हा गोव्याचा माणूस जॅझ कुठं शिकला? याचं उत्तर ऐकून आपल्या सरांना बरं वाटेल. त्याचं मूळ शाळेत आहे. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळा असत. तिथं संगीताचे मास्तर, ज्यांना ते 'मेस्त' म्हणत, मुलांना लहानपणापासून कागदावरचे स्वर वाचायला शिकवत. व्हायोलिन तर घरोघरी. ही पोरं मोठी होऊन पोटासाठी मुंबईला आली, धोबीतलावच्या गोवेकरांच्या कुडांत राहिली, आणि समोर कागद ठेवला की काहीही वाजवू लागली. १९३५ साली लिऑन ॲबी हा अमेरिकन कलावंत आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यासारख्यांचं ऐकून ऐकून जॅझही त्यांनी आपलंसं केलं. पुढं इंग्रज गेले, १९४९ साली मुंबईत दारूबंदीचा कायदा झाला, हॉटेलांतले नाच ओसरले. हातात कला होती पण काम नव्हतं. तेव्हा ही सगळी मंडळी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात शिरली. आपल्या संगीतकारांकडे चाली होत्या. त्या साठ-सत्तर वाद्यांत वाटून कागदावर उतरवणारे अरेंजर मात्र बरेचसे गोव्याचे होते. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली मोठी माणसं.

आणि इथंच माझ्या विषयाची खरी सुरुवात होते. ही नावं तुमच्यापैकी किती जणांनी ऐकली होती?

आता संयोजकांची क्षमा मागून लताबाईंची एकच गोष्ट सांगतो. १९४९ च्या 'महल' सिनेमातलं त्यांचं गाणं देशभर गाजलं. पण त्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी'. कामिनी म्हणजे सिनेमातलं पात्र! गाणाऱ्या माणसाचं नाव छापण्याची पद्धतच नव्हती. लोकांनी आकाशवाणीला पत्रं लिहून विचारलं, हे गातंय कोण? त्यानंतर तबकड्यांवर गायकांची नावं येऊ लागली. गायकांचा प्रश्न असा सुटला. वादकांचा नाही सुटला. वादक दिवसाचे पैसे रोख घेऊन घरी जायचे. अरेंजरचं नाव फार तर सिनेमाच्या पाट्यांवर 'असिस्टंट' म्हणून यायचं. शंकर-जयकिशनच्या सिनेमांत बघा, दत्ताराम आणि सेबॅस्टियन ही नावं तशी येतात. ज्याच्या ढोलकीचा ठेका आजही 'दत्ताराम ठेका' म्हणून वाजतो, तो पाटीवर असिस्टंट.

अँथनी गोन्साल्विस यांचं नाव मात्र अख्ख्या देशाला पाठ आहे, तेही दुसऱ्याचं म्हणून. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त अमिताभ बच्चन भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येऊन ज्या नावानं स्वतःची ओळख करून देतो, ते माजोर्ड्याच्या या व्हायोलिनच्या मास्तरांचं नाव. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते. त्यांनी गुरूची आठवण म्हणून हे नाव पात्राला द्यायला लावलं. तोवर गोन्साल्विस सिनेमाचं काम सोडून अमेरिकेला जाऊन आले होते. सर, तुमच्या एखाद्या विद्यार्थ्यानं तुमचं नाव असं देशभर पोचवलं तर कसं वाटेल? मला मात्र एक प्रश्न पडतो. त्यांचं नाव विनोदी गाण्यात आलं, आणि त्यांनी स्वतः वाजवलेल्या, बांधलेल्या गाण्यांवर नाही आलं.

अपवाद होते. १९६८ साली शंकर-जयकिशन यांनी 'रागा जॅझ स्टाइल' नावाची एलपी काढली. अकरा राग, तोडीपासून भैरवीपर्यंत, जॅझच्या अंगानं वाजवलेले. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रम्सवर लेस्ली गुदिन्हो. हिरो नाही, हिरॉईन नाही, शब्द नाहीत. अशा रेकॉर्डवर वादकाचं नाव लिहावंच लागतं, कारण दाखवायला दुसरं काही नसतं.

आणि ज्यांना इथं आपल्या मनासारखं काही करता येईना, ते बाहेर गेले. आशा पुथली या मुंबईच्या मुलीनं आधी हिंदुस्थानी संगीताचे धडे गिरवले. मग ती अमेरिकेला गेली आणि ऑर्नेट कोलमन या जॅझमधल्या मोठ्या माणसाच्या 'सायन्स फिक्शन' अल्बममध्ये गायली. १९७६ साली तिचा 'द डेव्हिल इज लूज' आला. त्यात जॅझ आहे, सोल आहे, फंक आहे, पॉपही आहे. आमची पनवेलची मुलं आज जे करतायत, ते तिनं तेव्हा केलं होतं. पुढच्या पिढीच्या रॅप कलाकारांनी तिच्या गाण्याचे तुकडे उचलून वापरले. पण त्यासाठी तिला मुंबई सोडावी लागली.

आता ती सोडावी लागत नाही. पुण्याच्या 'ईझी वाँडरलिंग्ज' या मंडळींनी २०१७ साली 'ॲज रिटन इन द स्टार्स' हा अल्बम स्वतःच्या बळावर काढला. आज पनवेलमधल्या मागच्या खोलीतून गाणं जगभर जाऊ शकतं. त्यासाठी इंटरनेटवर एक फॉर्म भरायचा असतो, बस.

त्या फॉर्मवरूनच आमच्याकडे वाद झाला. मुख्य कलाकार, गीतकार आणि संगीतकार हे रकाने भरल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नाही. वादकांचे रकाने ऐच्छिक. रात्रीचे दीड वाजले होते, सगळे दमलेले. या पाच जणांशिवाय अल्बममध्ये आणखी नऊ जण वाजलेत. आठ गाणी, चौदा माणसं, प्रत्येक गाण्याला प्रत्येकाचं नाव आणि वाद्य वेगळं भरायचं. मुलं म्हणाली, "काका, हे नंतर भरू. तसंही मोबाईलवर बँडचंच नाव दिसतं, बाकीचं कोण बघतं?"

मुलं आळशी नाहीत, वाईट तर मुळीच नाहीत. पण मला तीस वर्षांचा अनुभव आहे, 'नंतर' कोणी भरत नाही. कॅसेटच्या आतल्या कागदावर, एलपीच्या मागच्या बाजूवर निदान जागा तरी होती. मोबाईलच्या पडद्यावर ती जागाच गेली. आणि आता तर दोष देण्यासाठी कंपनीही नाही. आपणच गाणारे, आपणच मालक. नाव गाळलं तर ते आपणच गाळलं.

मी त्यांना कायदाही सांगितला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गायक-वादकांचे हक्क आले ते १९९४ साली. २०१२ च्या दुरुस्तीनं कलाकाराला आपल्या कलेला आपलं नाव लावून घेण्याचाही हक्क दिला. पण कायद्यापेक्षा त्यांना पटले ते आमचे ट्रम्पेटवाले अंकल.

हे अंकल सत्तरी ओलांडलेले, मूळचे गोव्याचे, आता वसईकडे राहतात. अल्बममधल्या दोन गाण्यांना ट्रम्पेट हवं होतं म्हणून मी त्यांना बोलावलं. लोकलनं, हातात पेटी घेऊन, एकटे आले. कागद एकदा डोळ्यांखालून घातला आणि दुसऱ्या टेकला ओके. मुलं बघतच राहिली. जेवताना एकीनं विचारलं, "अंकल, तुम्ही कुठल्या कुठल्या गाण्यांत वाजवलंय?" ते म्हणाले, "बाळा, आम्हाला कागद मिळायचा, सिनेमाचं नाव नाही मिळायचं. मग कधीतरी रेडिओवर ऐकू यायचं, अरे, हा तर आपला पीस! आता नातवाला सांगतो, हे मी वाजवलंय. तो मोबाईलवर शोधतो. म्हणतो, पण आजोबा, तुमचं नाव तर कुठंच नाही."

निघताना पैशांचं पाकीट खिशात घातलं आणि मला म्हणाले, "नाव लिहाल तर आडनावाचं स्पेलिंग मला विचारून लिहा." बस, एवढंच.

त्या रात्री मी मुलांना याची आठवण दिली. फॉर्म भरून संपला तेव्हा पहाटेचे साडेतीन झाले होते. चौदाच्या चौदा नावं, आडनावाच्या क्रमानं, शाळेच्या हजेरीपटासारखी. अंकलना फोन करून स्पेलिंग आधीच विचारून घेतलं होतं. आज त्यांचं नाव मी इथं घेत नाही. त्यांनीच सांगितलंय, "भाषणात नको, कव्हरवर वाचू दे लोकांना."

आपल्या वर्गात हजेरी घेताना सरांकडून एखादं नाव राहिलं की तो पोरगा बाकावरून उठून ओरडायचा, "सर, माझं राहिलं!" सर पुन्हा पेन उघडायचे. या वादकांना असं ओरडायला वर्गच नव्हता. म्हणून तुम्हाला दोन विनंत्या करतो.

पहिली, गाणं ऐकताना त्याच्या नावापुढच्या तीन टिंबांवर कधीतरी बोट ठेवा. तिथं 'क्रेडिट्स' असं काही दिसलं तर ती नावं वाचा. दुसरी, आपल्या या स्मरणिकेत गॅदरिंगचे जुने फोटो येणार आहेत. नाटकात राजा कोण झाला होता हे सगळ्यांना आठवेल. पण पेटीवर कोण होतं, तबल्यावर कोण होतं, पडदा कोण ओढत होतं, तेही आठवून फोटोखाली लिहा. आठवत नसेल तर एकमेकांना फोन करा. आणि आडनावाचं स्पेलिंग विचारून घ्या.

अल्बम गणपतीनंतर येतोय. गाणी आवडली नाहीत तर मुलांना बिनधास्त सांगा, त्यांना ऐकून घ्यायची सवय आहे. पण नावं मात्र शेवटपर्यंत वाचा. चौदाच आहेत.