हुतात्मा एक्स्प्रेसनं गेलेली मुलं

नागपूर, मालेगाव, इचलकरंजी, मुंबईहून आलेल्या प्रतिनिधींनो,

सिद्धरामेश्वरांच्या सोलापुरात स्वागत समितीच्या वतीनं आपलं मनःपूर्वक स्वागत. शेंगाचटणी आणि कडक भाकरी दुपारी पानात येईलच. तोवर शिकलेल्या मुलांच्या बेकारीवर थोडं तिखट मी बोलून घेतो.

1877 साली इथली जुनी गिरणी सुरू झाली, त्याच वर्षी नागपूरची एम्प्रेस मिलही. आज दोन्ही नाहीत. मुंबईच्या गिरण्या 1982च्या संपानंतर मोडल्या, पण त्या जागांवर टॉवर आणि कार्यालयं तरी उभी राहिली. गिरणी कामगाराच्या नातवाला त्यांत टेबल मिळालं का, ते मुंबईकरांनी सांगावं. आमच्याकडे उरले यंत्रमाग, विडी कारखाने आणि पुण्याला जाणारी हुतात्मा एक्स्प्रेस. शिकलेली मुलं सकाळी त्या गाडीत बसतात. कुणी आयटीत लागतं, कुणी पार्सल पोचवतं, तर कुणी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीच्या जाहिरातीची वाट बघत पंचविशी ओलांडतं. सोलापूरची बेकारी अशी पुण्यात भाड्यानं राहते, म्हणून इथं ती कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

‘यंत्रमागावर पोरं येत नाहीत’ ही आम्हा कारखानदारांची नेहमीची रड. बारा तासांची पाळी, नगावर मजुरी. पदवीधर येईल कशाला? सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा अभिमान आहेच. ती विणणाऱ्याच्या मुलीला डिझाइन आणि निर्यातीचं काम शिकवायची धडपड मात्र आमच्या धंद्यानं केली नाही.

सरकारचंही बोलू. रोजगार हमीचा कायदा याच राज्यानं 1977 साली केला, तो ग्रामीण भागासाठी. शहरांसाठी तशी योजना केरळनं 2010मध्ये आणली, राजस्थाननं 2022मध्ये. आपलं घोडं अडलेलंच. 2024च्या कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना 10,000 रुपये विद्यावेतन ठरलं, पण मुदत संपली की मुलगा पुन्हा घरी.

तेव्हा प्रतिनिधींनो, सगळ्या महाराष्ट्राला एकच ठराव नको. चाकणचा उपाय सोलापूरला बसत नाही आणि सोलापूरचा मालेगावला बसेलच असं नाही. आपापल्या शहराची मागणी वेगळी लिहा. शिकाऊ उमेदवाराला पुढे कायम करण्याची अट आम्हा कारखानदारांवर घाला, महापालिकेच्या रिक्त जागा कोणत्या तारखेपर्यंत भरणार ते विचारा, आणि ती तारीख ठरावात लिहूनच उद्या गाडीत बसा.