विमानातली निमआराम

(१९७५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी शाळेच्या आठवणींनी डोळ्यांत पाणी आणलं. माझ्या वाट्याला मात्र संयोजकांनी एकदम व्यवहारी विषय दिला आहे. दोन महिन्यांपूर्वी आपल्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने विचारलं होतं, "मुलाकडे अमेरिकेला चाललोय. मुलगा म्हणतो प्रीमियम इकॉनॉमी घ्या. घ्यावी का?" त्यावर इतकी उत्तरं आली, की विचारणारा बिचारा गप्पच झाला. निम्मे म्हणाले, "पैसे वर घेऊन जायचेत का?" उरलेले म्हणाले, "एवढ्या पैशांत चारधाम होईल." मी तीनदा जाऊन आलोय आणि बँकेत आयुष्यभर बेरजा-वजाबाक्या केल्यात, म्हणून हा हिशेब माझ्याकडे आला.

आधी प्रीमियम इकॉनॉमी म्हणजे काय ते सांगतो. आपण नगरकर, तेव्हा एस.टी.च्या भाषेत सांगणं सोपं. महाराष्ट्रातली पहिली एस.टी. १ जून १९४८ ला पुण्याहून सुटली ती आपल्याच नगरला आली. त्याच मार्गावर १ जून २०२२ ला विजेवरची शिवाई धावली. तेव्हा प्रवासाच्या बाबतीत बोलायचा आपला हक्क पहिला! आपण लाल गाडीत वाढलो. पुढे दिल्लीच्या १९८२ च्या एशियाड स्पर्धांनंतर ती निमआराम गाडी आली, तिला आपण आजही एशियाडच म्हणतो. मग वातानुकूलित शिवनेरी. विमानात साधा वर्ग म्हणजे लाल गाडी. बिझनेस क्लास म्हणजे झोपायला पलंगच. आणि या दोहोंच्या मधली निमआराम म्हणजे प्रीमियम इकॉनॉमी. ही कल्पना फार जुनी नाही. तैवानची इव्हा एअर आणि इंग्लंडची व्हर्जिन अटलांटिक यांनी १९९२ च्या सुमारास ती आणली. आपल्याकडे २०१५ मध्ये सुरू झालेल्या विस्ताराने ती पहिल्यांदा दिली. ती कंपनी २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली.

आता मापं. साध्या वर्गात एका सीटपासून पुढच्या सीटपर्यंतचं अंतर ३१-३२ इंच असतं. प्रीमियममध्ये ते साधारण ३८ इंच. म्हणजे सहा-सात इंच जास्त. आपल्या भाषेत वीतभरही नाही. रुंदी इंच-दीड इंचाने जास्त, म्हणजे दोन बोटं. पाठ थोडी अधिक मागे जाते, पायाखाली आधार मिळतो, जेवण जरा बरं, रांग लहान. पण सीट पलंगासारखी आडवी होत नाही, हे नीट लक्षात ठेवा. आपल्यातले बरेच जण त्या समजुतीत पैसे भरतात आणि मग विमानात बसल्यावर बटणं शोधत राहतात. निमआराम म्हणजे निमच आराम.

आता या वीतभर जागेची किंमत. २०२३ मध्ये आमचं दुसऱ्यांदा जायचं ठरलं तेव्हा साधं जाण्या-येण्याचं तिकीट माणशी एक लाख वीस हजार होतं, आणि प्रीमियमचं दोन लाख पाच हजार. फरक पंच्याऐंशी हजारांचा. आखातातून जायचं, म्हणजे आधी तीन तास आणि मग चौदा तास. असे जाऊन-येऊन चौतीस तास. भागाकार केला तर तासाला अडीच हजार रुपये! अहो, आपल्या वेळी वर्षाची फी किती होती आठवा. मी कागद बाजूला सारला आणि मुलीला फोनवर सांगितलं, "काही गरज नाही. आम्ही एका बाकावर तिघं-तिघं बसून दहावी झालोय. चौदा तास सहज बसू."

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही बसाल. आईचं काय?"

हे "आईचं काय" समजायला तुम्हाला २०१६ ची गोष्ट सांगायला हवी. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही पहिल्यांदा गेलो. तेव्हा मी नोकरीत होतो, तिकीट स्वस्तात स्वस्त काढलं. सीट निवडायला वेगळे पैसे लागतात म्हटल्यावर ते वाचवले. मिळाल्या त्या मधल्या चारच्या रांगेतल्या, आम्ही दोघंही आत. कडेला एक तरुण झोपलेला. त्याला उठवायचा संकोच, म्हणून सौ.ने उठावंच लागू नये असा उपाय केला. पाणीच प्यायली नाही. मला तिने हे सांगितलं नाही. मी सिनेमे बघत होतो. ती उंचीने लहान, तिचे पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते. चौदा तासांनी उतरताना तिच्या पायात चप्पल जाईना. विमानतळावर मुलगी, नववा महिना लागलेली, आईला घ्यायला आलेली. तिने आधी आईचे सुजलेले पाय पाहिले आणि रडायलाच लागली. जी आई लेकीचं करायला गेली होती, तिचेच पाय पहिले पाच दिवस जावई शेकत होते. सीट निवडायचे मी वाचवलेले पैसे काही हजार होते, मित्रांनो. तो आकडा मला आजही पाठ आहे, पण या व्यासपीठावरून सांगायची लाज वाटते.

म्हणून २०२३ ला मी डॉक्टरांकडे गेलो आणि थोडं वाचलंही. लांबच्या प्रवासात पायातल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं, की चार तासांहून जास्त प्रवासाने हा धोका साधारण दुप्पट होतो. घाबरू नका, दुप्पट होऊनही तो सहा हजारांत एक इतकाच राहतो. गंमत अशी, की हा धोका फक्त विमानाचा नाही. मोटार, बस, रेल्वे, कुठेही न हलता बसलं की तो असतोच. याला पूर्वी लोक 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' म्हणत, पण ते नाव दिशाभूल करणारं आहे. महागड्या सीटवरही माणूस न हलता बसला तर तेच. उलट खिडकीजवळ अडकून बसणाऱ्याला धोका जास्त, कारण तो उठत नाही. म्हणजे सौ.चे पाय वाचवायला पहिली गरज होती कडेच्या सीटची, पाण्याची आणि दर दीड-दोन तासांनी उठून फिरण्याची. ज्यांना आधी गुठळी झालेली आहे, नुकतंच ऑपरेशन झालंय किंवा हृदयाचा, कॅन्सरचा त्रास आहे, त्यांनी तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांना विचारावं. पायमोजे, औषध काय ते तेच सांगतील.

हे कळल्यावर मला वाटलं, चला, सुटलो, प्रीमियमची गरज नाही! पण सौ.चे गुडघे तोवर बिघडले होते. पाय लांब करायला जागा हवी, हे डॉक्टरांनीही सांगितलं. मग मी बँकेतली तडजोड काढली. फक्त तिच्यासाठी, आणि फक्त चौदा तासांच्या टप्प्यासाठी प्रीमियम घ्यायचं. मी मागे, साध्या वर्गात. फार हुशारी केली असं वाटलं.

लग्नाला एकोणचाळीस वर्षं झालेली. त्या काळात आम्ही पहिल्यांदाच एका गाडीत दोन वर्गांत बसलो. मध्ये पडदा. पाच तासांनी पडदा सरकवून ती माझ्याकडे आली. मला वाटलं, काही दुखतंय. तर म्हणते, "अहो, जेवलात का?" मी म्हटलं, "जागा कशी आहे?" म्हणाली, "जागा छान आहे. पण शेजारी कोण आहे माहीत नाही, झोप लागत नाही. आणि डोक्यावरचा दिवा बंद कसा करायचा ते कळत नाही." पाच तास ती उजेडात जागी होती, कारण इंग्रजीत विचारायचा संकोच.

उतरल्यावर पाय सुजले नव्हते. चप्पल गेली. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर, ते वीतभर जागेमुळे, की तिने या वेळी पाणी प्यायल्यामुळे, की चालल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही. तिन्ही गोष्टी एकदमच बदलल्या होत्या. आणि झोप न झाल्याने दोन दिवस ती आडवीच होती. म्हणजे पैसे वायाही गेले नाहीत आणि पुरते वसूलही झाले नाहीत.

तिसऱ्या वेळी, यंदा, मी हिशेबाचा कागद सौ.समोर ठेवला. हे मी पहिल्यांदाच केलं. तिने पाच मिनिटांत निकाल दिला. म्हणाली, "जाताना दोघांनाही चांगली जागा घ्या. तिथे पोचल्यावर नातवंडं वाट बघत असतात, मुलीला रजा मोजून मिळते, आपण पडून राहिलो तर तिचे दिवस जातात. येताना साधीच घ्या. घरी आल्यावर आपली कोण वाट बघतंय? आठवडाभर झोपू." चौतीस वर्षं बँकेत काढून मला जे सुचलं नाही, ते तिला सुचलं. आम्ही तसंच केलं. प्रीमियममध्ये बऱ्याच मोठ्या विमानांत कडेला दोन-दोनच सीट असतात. तिथे दोघं बसलो, तिसरं कुणी नाही, कुणाला उठवायचं नाही. दिवा मी बंद केला. ती सहा तास झोपली.

आता तुमच्या कामाच्या चार गोष्टी सांगतो.

एक. पैसे खर्च करायचा क्रम लावा. पहिला प्रवासातल्या आजारपणाचा विमा. अमेरिकेत दवाखान्याचं एक बिल सगळ्या विमानांच्या भाड्यांपेक्षा मोठं असतं. दुसरी निवडलेली कडेची सीट. तिसरी मुंबईतली एक रात्र. नगरहून निघून अडीचशे किलोमीटर, घाट, ट्रॅफिक करत विमानतळावर पोचलो, की आपण विमानात बसायच्या आधीच थकलेले असतो. आदल्या रात्री मुंबईत झोपणं हे काही हजारांत मिळणारं प्रीमियमच आहे. हे सगळं झाल्यावर उरले तर मग प्रीमियम सीट.

दोन. नावावर जाऊ नका. थोडी जास्त पायजागा असलेली साधीच सीटही वेगळ्या नावाने विकतात. कतारसारख्या काही कंपन्यांकडे हा मधला वर्गच नाही. एका प्रवासातल्या दोन विमानांपैकी एकातच तो असू शकतो, आणि पैसे मात्र सगळ्या प्रवासाचे वाटतात. कोणत्या टप्प्यावर खरंच मिळणार ते आधी विचारा. सामान जास्त नेता येतं असं गृहीत धरू नका, तेही तपासा.

तीन. संकटकाळच्या दाराजवळच्या सीटला जागा भरपूर असते, पण तिथे धडधाकट माणूसच बसवतात. व्हीलचेअर मागितली असेल तर ती सीट मिळणार नाही. आणि व्हीलचेअर मागायला लाजू नका. ती सेवा मोफत असते, तिकीट काढतानाच नोंदवा.

चार. सहा-सात तासांच्या प्रवासाला, दिवसाच्या विमानाला, किंवा दोघंही पाच फुटांच्या आतले आणि गुडघे ठणठणीत असतील, तर हा खर्च करू नका. पायाखाली छोटी पिशवी घ्या, काम भागतं. चौदा-सोळा तासांची रात्र असेल, गुडघे-कंबर बोलत असेल, आणि ते पैसे गेल्याने औषधाला कमी पडणार नसेल, तर घ्या, आणि घेतल्यावर कुरकुर करू नका.

शेवटचं सांगतो. आपल्यापैकी पुष्कळांची मुलं हे तिकीट काढून द्यायला तयार आहेत, आणि आपणच नको म्हणतो. त्यात काटकसर असते, पण थोडा अहंकारही असतो, हे मी माझ्यापुरतं कबूल करतो. या शाळेत आपण फाटक्या दप्तराने आलो, वह्यांची उरलेली पानं शिवून वापरली, त्याचा मला अभिमान आहे. पण स्वतः सोसायचं ते धैर्य, आणि शेजारच्याला न विचारता सोसायला लावायचं तो हट्ट. २०१६ ला मी धैर्य समजून हट्ट केला.

तेव्हा प्रीमियम इकॉनॉमी घ्यावी का, याचं माझं उत्तर असं: हिशेब जरूर करा, पण कागद आधी शेजारी बसणाऱ्या माणसासमोर ठेवा.

ग्रुपवर तो प्रश्न विचारणारा आपला मित्र इथेच तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याची मंडळीही आलीत. वहिनी, जेवणाच्या वेळी त्यांच्याकडून तो कागद मागून घ्या.