चांदण्यातली गलबते

चांदण्यातला समुद्र आणि त्यावरची गलबते हा विषय तैलरंगात हाताळणे जितके मोहाचे, तितकेच धोक्याचे. निळा रंग सढळ हाताने फासावा, वर पांढरी टिकली लावावी, की दिनदर्शिकेचे चित्र तयार होते. रात्र काही अवतरत नाही.

अडचण मुळातच आहे. पौर्णिमेचे चांदणे सूर्यप्रकाशाच्या सुमारे चार लाखांश. ते निळे भासते, पण वस्तुतः निळे नसतेच. अंधुक उजेडात आपली दृष्टीच निळसर छटांकडे झुकते. शिवाय रंगपेटीतल्या सफेद्याला स्वतःचा प्रकाश नाही. भोवतालचे सारे दबवावे, तेव्हा कोठे तो उजळतो. तैलरंग सावकाश वाळतात, म्हणून ढगाची कड आकाशात विरवावयास अवसर तरी मिळतो.

इंग्रज चित्रकार टर्नर यांनी १७९६ मध्ये रॉयल अकादमीत मांडलेले पहिले तैलचित्र याच विषयाचे. वय अवघे एकवीस. वाइट बेटानजीक खवळलेला समुद्र, कोळ्यांची होडी, वर चंद्र. आणि होडीत एक कंदील. त्या तांबूस ठिपक्यामुळे चांदण्याचा गारवा जाणवू लागतो.

माझे मन मात्र अधिक गुंतते ते त्यांच्या १८३५ च्या चित्रात. इंग्लंडच्या ईशान्येस टाइन नदीच्या मुखाशी शील्ड्स बंदर आहे, तेथली ही रात्र. पाण्यावर चंद्राचा झोत उतरला आहे आणि तेथे रंगाचे थर चांगलेच जाड चढवले आहेत. दोन्ही बाजूंस शिडाची जहाजे. उजवीकडे मशालींच्या धुरकट तांबड्या उजेडात काळ्या आकृती कोळसा चढवीत आहेत. हे ‘कील’ नावाच्या सपाट नावांवरचे नावाडी. नदीतून कोळसा आणावयाचा आणि समुद्रगामी जहाजांत भरावयाचा, हा त्यांचा धंदा. काठावरून कोळसा थेट जहाजात सोडण्याची सोय झाल्याने तो बुडत चालला होता. त्याविरुद्ध १८२२ मध्ये त्यांनी दीर्घ संपही केला होता.

टर्नरनी या कष्टांचे सोने केले, अशी कुरकुर कोणी करील. मला ती पटत नाही. हे चित्र आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीच्या संग्रहात आहे. त्याची छापील प्रत हाती आली, तर उजवा कोपरा तळहाताने झाकून पाहा: चांदणे तत्काळ फिके पडते.