घरचा जुना संगणक आणि लिनक्स

(पांढरकवडा येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



मी मॅट्रिक होऊन मास्तरकी केलेला मनुष्य. संगणकशास्त्राची पदवी मजजवळ नाही. तथापि माझ्या घरी जो पालट मी केला, तो आपल्या उपयोगी पडेल म्हणून येथे उभा आहे.

आपल्यातील पुष्कळ घरांत, कापसाचे पैसे बरे आले त्या वर्षी, मुलांच्या शिक्षणासाठी संगणक घेतला गेला. मुले नागपूर-पुण्यास गेली; यंत्र घरीच राहिले. त्यावरील विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. नोंदणी करणाऱ्यांस वर्षभराची वाढीव मुदत मिळाली, इतकेच. यंत्र बंद पडत नाही, हे खरे. परंतु सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळेनाशा झाल्यावर त्यावर बँकेचा व्यवहार करणे म्हणजे कडी नसलेल्या दारामागे दागिने ठेवणे होय. बरे, विंडोज ११ घालावी, तर २०१८ पूर्वीची बहुतेक यंत्रे तिच्या अटींत बसत नाहीत. दुकानदार म्हणतो, नवे घ्या!

ते घेण्यापूर्वी लिनक्सचा विचार व्हावा. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली हिचा गाभा रचिला व सर्वांस खुला केला. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच. केरळातील सरकारी शाळांत मुले हिच्यावरच संगणक शिकतात. आपल्याकडे मात्र संगणक म्हणजे विंडोज, ही समजूत घट्ट रुजली आहे.

मी 'लिनक्स मिंट' घेतली. तिला मूल्य पडत नाही आणि ४ जीबी रॅमच्या यंत्रावर ती सुखाने चालते. पेन ड्राइव्हवरून ती आधी चालवून पाहता येते. जुन्या प्रणालीस धक्का लागत नाही. प्रिंटर, वाय-फाय व आवाज तेव्हाच तपासून घ्यावे. इन्स्क्रिप्ट पद्धतीने मराठी टंकलेखन करणाऱ्यास बोटांची सवय बदलावी लागत नाही. दुकानाचा हिशेब टॅलीवर ठेवणाऱ्यांनी मात्र घाई करू नये, कारण ते विंडोजसाठीच केलेले आहे.

खरी अडचण निराळीच आहे, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. श्रीलिपी, कृतिदेव इत्यादी जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर दिसतो मराठी, पण यंत्राच्या लेखी तो रोमन अक्षरांच्या संकेतांचा समूह असतो. टंक नाहीसा झाला की वंशावळीच्या जागी निरर्थक चिन्हे उरतात. म्हणून प्रणाली बदलण्यापूर्वी असा मजकूर युनिकोडमध्ये उतरवावा. रूपांतर करणारी साधने आहेत. परंतु रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे यांत ती चुकतात. आडनावे तर डोळ्यांत तेल घालूनच तपासावी लागतात. शिवाय सर्व कागदपत्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढल्यावाचून नवी प्रणाली बसविण्याची कळ दाबूच नये.

आपल्या मंडळाची सभासद-यादी व मागील स्मरणिकांचा मजकूर अशाच जुन्या टंकांत आहे, असे चिटणीसांकडून समजले. दिवाळीच्या सुटीत चार विद्यार्थी मिळाल्यास रूपांतराचे काम हाती घ्यावे, अशी माझी सूचना आहे. शुद्धलेखन तपासण्याचे मी पत्करतो. तोवर कार्यालयातील जुने यंत्र कृपा करून कोणी भंगारात घालू नये.