घरचा गणपती : रीत आणि मर्म

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



'आपले कौटुंबिक सण व त्यांचे मर्म' या विषयावर चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही काही शास्त्री-पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि प्राथमिक शाळेत मुलांपुढे घालविलेली वर्षे, एवढीच आमची शिदोरी. म्हणून सगळ्या सणांचा पसारा न मांडता, आपणां कोकणवासीयांच्या घरोघरी ज्याची वर्षभर वाट पाहिली जाते त्या घरच्या गणपतीविषयीच बोलू. आणि तेही पोथीच्या आधाराने नव्हे, तर आमच्या स्वतःच्या घरात जे घडले त्याच्या आधाराने.

लोकमान्य टिळकांनी १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, हे आपण शाळेतच शिकलो. घरचा गणपती त्याहून जुना. भाद्रपद शुद्ध चतुर्थीस मातीची मूर्ती पुजावी आणि ती पुन्हा पाण्यात सोडावी, अशी ही पार्थिव पूजा आहे. मूर्ती दरवर्षी नवी येते आणि जाते. मग घरात टिकते काय? आमच्या मते पाट टिकतो.

नागपंचमीच्या सुमारास घरचा पाट मूर्तिकाराच्या चित्रशाळेत नेऊन देण्याची आपली चाल आहे. आमच्याकडे या चित्रशाळेला 'गणपतीची शाळा' म्हणतात. लहानपणी आमची अशी पक्की समजूत होती की, गणपती तेथे शिकावयास बसतो आणि पास झाला म्हणजे घरी येतो! आमच्या घरचा पाट फणसाचा आहे. त्याच्या एका कोपऱ्यास चीर गेली असून आमच्या आजोबांनी तेथे तांब्याची पट्टी मारून घेतली आहे. मूर्तिकार शंभर पाटांतून तो ओळखतो.

पाट गेला की घरात कामांची वाटणी सुरू होते. पुरुषांनी माटवी बांधावयाची, जिला गोव्याकडे माटोळी म्हणतात. मुलांनी रानात हिंडून कवंडाळ, शेरवड, तेरडा, आंब्याचे टाळ आणावयाचे. नारळ, सुपारीचे घोस, तवसे आणि चिबूड परसातले. आज शहरात वाढलेल्या मुलाला दहा झाडांची नावे सांगता येत नाहीत. आम्हांला ती माटवीने शिकविली. स्त्रियांनी एकवीस मोदक वळावयाचे, ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमावाचून पिकलेल्या भाज्यांची ऋषीची भाजी करावयाची, गौरीस घावन-घाटले करावयाचे. रात्री वाडीतल्या घराघरांतून भजने, आणि भजनानंतर काळ्या वाटाण्याची उसळ. ज्याला काही काम नाही असे माणूस त्या दिवसांत घरात सापडत नसे. लहान मूलही दूर्वांच्या जुड्या मोजीत बसलेले असे.

आमच्या वडिलांच्या पिढीचे चाकरमानी बोटीने वेंगुर्ल्यास उतरत. आम्ही एस. टी. च्या गाडीत उभ्याने रात्र काढली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि वाट सोपी झाली. साधने बदलली, ओढ तीच राहिली.

आमच्या वडिलांत आणि चुलत्यांत वाटणी झाली, तेव्हा शेत, माड, भांडी, एवढेच काय, पाटा-वरवंटाही वाटला गेला. काही वर्षे बोलणेही नव्हते. परंतु वाटणीच्या कागदात एक ओळ होती की, देवघर आणि गणपतीचा पाट सामाईक राहील. त्या एका ओळीने आमचे घर राखले. भाद्रपदात दोघांनाही एकाच माटवीची दोरी ओढावी लागे, आणि दोरी ओढताना 'अरे, जरा वर घे' एवढे तरी बोलावेच लागे. त्या चार शब्दांतून पुढे अबोला सुटला. येथवर आम्ही रितीचे गुण गाइले. आता आमच्या हातून घडलेला एक दोष सांगावयाचा आहे. तो न सांगता खाली बसलो तर हे भाषण अर्धे खोटे ठरेल.

आमचे धाकटे काका १९९४ साली वारले. काकी त्यानंतर गावच्या घरातच राहिली. आम्ही सारे मुंबईस. देवापुढे रोज दिवा लावणारी, पावसाळ्यापूर्वी कौले परतून घेणारी, पाट वेळेवर शाळेत पोहोचविणारी ती एकटी. १९९६ च्या गौरीची गोष्ट. आमच्याकडे तेरड्याची गौर असते. भर पावसात बांधाबांधाने फिरून तेरडा काकीनेच काढून आणला होता. गौर सजली, सुवासिनी जमल्या, हळदीकुंकवाची तबके आली. काकी दाराशी उभी राहून कौतुकाने पाहत होती. तेव्हा कोणीतरी वडीलधाऱ्याने आमच्याकडे पाहिले, आणि आम्ही उठून तिला म्हणालो, "काकी, तू जरा आत बस. रीत आहे."

ती एक शब्दही बोलली नाही. आत गेली आणि चुलीवरचे घाटले ढवळू लागली. तो नैवेद्य आम्ही गौरीस दाखविला. तिच्या हातचे घाटले देवीला चालत होते. ती स्वतः मात्र चालत नव्हती. आम्ही शाळामास्तर. हाच १८९३ चा धडा वर्गात शिकविताना, त्याच साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला आणि त्यापायी त्यांना मुरुड या आपल्या कोकणातल्याच गावात बहिष्कार सोसावा लागला, हेही आम्ही मुलांना अभिमानाने सांगत असू. वर्गातले शिक्षण घरच्या उंबऱ्याबाहेर ठेवून आम्ही आत शिरलो, असेच म्हणावयास हवे. पुढे चोवीस वर्षे काकी गौरीच्या वेळी आपण होऊनच आत बसत गेली. तिला पुन्हा सांगावे लागले नाही, याचे आम्हांला तेव्हा बरेच वाटले!

नंतर २०२० साल आले. करोनाची साथ. चतुर्थी २२ ऑगस्टला होती. आमच्या मुंबईच्या घरात एकास बाधा झाली आणि गावी जाण्याचा प्रश्नच मिटला. दुसऱ्या भावांचीही तीच स्थिती. पाट तर काकीने शाळेत देऊन ठेवलेला, मूर्ती तयार. आम्ही दूरध्वनी करून म्हणालो, "काकी, या वर्षी राहू दे. मूर्ती शेजाऱ्यांच्या घरी बसवून घेऊ. तू एकटी, पुरुषमाणूस कोणी नाही." थोडा वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "बाबा, पाट रिकामो ठेवूचो नाय. माका जमता तसा मी करतंय."

तिने केले. शेजारच्या मुलाने डोक्यावरून मूर्ती आणून दिली आणि मोबाइल समोर टेकवून ठेवला. भटजींनी आपल्या घरून मंत्र सांगितले. पंचाहत्तरी ओलांडलेल्या त्या बाईने थरथरत्या हातांनी गणपतीवर अक्षता वाहिल्या. माटवीला चार नारळ आणि एक तवसे, एवढेच होते. आम्ही मुंबईतल्या खोलीत तो लहानसा पडदा समोर धरून हात जोडून बसलो होतो. आरतीच्या वेळी आमचा आवाज फुटेना. तो भक्तीने फुटला नाही असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तो लाजेने फुटला नाही. ज्या घराची रीत राखण्यासाठी आम्ही तिला आत बसविले होते, ते घर आणि ती रीत दोन्ही तिनेच राखली होती.

पुढल्या वर्षी आम्ही सारे गावी पोहोचलो. गौर आली तेव्हा आम्ही काकीस म्हणालो, "पहिले हळदकुंकू तू वाहा." सुधारणा अशी एका वाक्याने होते, असे आम्हांस वाटले होते. तसे झाले नाही. ती मागे सरली. "आता कित्याक?" एवढेच म्हणाली. पंचवीस वर्षे आम्हीच तिला शिकविलेला धडा तिने पाठ केला होता. शेवटी आमच्या धाकट्या सुनेने तिचा हात धरला, दोघींनी मिळून गौरीस हळदकुंकू वाहिले, आणि सुनेने तेच बोट काकीच्या कपाळी टेकविले. जमलेल्या बायकांपैकी दोघी उठून गेल्या. बाकीच्या बसल्या. अलीकडे गेलेल्याही येऊ लागल्या आहेत.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, त्यांना शुभकार्यातून दूर ठेवणे या चाली बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ती बातमी वाचून आम्हांस आनंद झाला. तथापि ठराव ग्रामसभेत होतो. हळदीकुंकवाचे तबक घरात फिरते. ते कोणापुढे थांबवावयाचे आणि कोणापुढून पुढे न्यावयाचे, हे तुम्ही-आम्हीच ठरवितो.

कोणी विचारील, मग जुन्या चाली सोडाव्यात की पाळाव्यात? आम्ही नम्रपणे म्हणू की, चाल घरातल्या माणसाला काम देते की त्याचे काम घेऊन त्यालाच बाहेर बसविते, एवढे पाहावे. माटवी काम देते. म्हणून ती बांधावी, भले शहरातल्या खोलीत हातभर का होईना. सामाईक पाट माणसे जोडतो; म्हणून तो राखावा. ज्या चालीने काकी आत गेली ती चाल आमची होती खरी, पण घरच्या गणपतीने ती मागितली नव्हती.

आमच्या तीन विनंत्या आहेत. एक, प्रत्येक घराने आपल्या सणाच्या रिती, माटवीच्या वनस्पती, नैवेद्याचे पदार्थ एका वहीत लिहून ठेवावेत. सांगणारी माणसे थकत चालली आहेत. दुसरी, मुलांना सणात प्रेक्षक न ठेवता काम द्यावे. तिसरी, येत्या भाद्रपदात आपल्या घरात आत बसलेले कोणी आहे का, हे उठून पाहावे.

गणपती पाण्यात सोडल्यावर पाट तसाच परत आणावयाचा नाही. नदीकाठची मूठभर माती त्यावर ठेवून घरी आणावयाची, ही चाल आपणां सर्वांस ठाऊक आहे. ती का, असे लहानपणी आम्ही काकीस विचारले होते. तेव्हा ती नुकतीच सून होऊन आली होती. तिने काय उत्तर दिले ते आज आठवत नाही. परंतु २०२० साली दूरध्वनीवरून तिने ते आम्हांस पुन्हा दिले, असे आम्ही समजतो. काकी आज आहे, आणि या वर्षीचा पाट तिनेच शाळेत दिला आहे.